दोनशे दहांत एक

आत्या सांगलीची. विशेष मुलांच्या शाळेत तिची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही शाळा सुटलेली नाही. भाचा कोल्हापुरात गर्भातल्या बाळांची सोनोग्राफी करतो. दोघंही मी रचलेली पात्रं आहेत. त्यांचं भांडण मात्र रचलेलं नाही, ते दवाखान्यांच्या बाकांवर आणि घरोघरच्या स्वयंपाकघरांत चालूच असतं. निमित्त आत्याच्या शेजारच्या मुलीचं. वय २९, पहिलटकरीण, तिसरा महिना सरत आलेला आणि हातात डबल मार्कर या रक्ततपासणीचा रिपोर्ट.

आत्या : लाल अक्षरांत छापलंय रे. ‘हाय रिस्क’. खाली १:२१०. पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. मला आधी याचा अर्थ सांग, भांडू मग.

डॉक्टर : अर्थ असा, की असेच आकडे आलेल्या २१० बायका एका रांगेत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. २०९ जणींच्या बाळांना नसेल. टक्केवारीत अर्धा टक्कासुद्धा भरत नाही.

आत्या : मग हाय कसली?

डॉक्टर : बऱ्याच लॅबनी २५० वर रेघ मारलेली आहे. आकडा त्याच्या अलीकडे आला, की संगणक लाल छापतो. तिच्या वयाला एरवी ही शक्यता हजारात एकाच्या आसपास असते. तिची त्याहून वाढलेली दिसते, तेव्हा पुढची तपासणी करायची का, ते बोलू या. त्या लाल रंगाचं म्हणणं एवढंच.

आत्या : हे त्या कागदावर लिहिलंय?

डॉक्टर : लिहिलंय. खाली, इंग्रजीत, बारीक टायपात.

आत्या : वा.

डॉक्टर : तू हिशोब समजून घे, मग वा म्हण. समज, दहा हजार गरोदर बायका आहेत आणि त्यांतल्या वीस जणींच्या पोटी डाऊनचं बाळ आहे. आईचं वय, बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी आणि आईच्या रक्तातले दोन पदार्थ एकत्र धरले, तर त्या विसांतल्या साधारण अठरा सापडतात. पण त्यांच्यासोबत आणखी पाचशे जणी लाल रेघेखाली येतात, ज्यांच्या बाळांना डाऊन नसतो.

आत्या : म्हणजे अठरा शोधायला पाचशे घरांची झोप उडवायची.

डॉक्टर : आणि अठरा जणींना वेळेत कळवायचं. तू पाचशे मोजतेस, मी अठरा मोजतो.

आत्या : त्या निसटलेल्या दोघी कोण मोजतं? त्यांना ‘लो रिस्क’ सांगून घरी पाठवलेलं असतं. तशी एक आई शाळेत आली होती, मूल दोन वर्षांचं झाल्यावर. ‘रिपोर्ट नॉर्मल होता हो बाई,’ एवढंच बोलत राहिली. मुलाकडे बघायलाच तिला कितीतरी दिवस लागले, कारण तिचं भांडण त्या कागदाशी चाललं होतं.

डॉक्टर : तिला कुणी सांगायला हवं होतं, की ही चाळणी आहे, निदान नाही. निदान हवं असेल तर बाळाच्या पेशी लागतात. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा कण किंवा पंधरा आठवड्यांनंतर गर्भजल. सुई घालावी लागते, म्हणून गर्भपाताची थोडी भीती असते. पूर्वी शंभरात एक म्हणायचे, आता सरावलेल्या हाताखाली हजारात एक ते तीनच्या घरात.

आत्या : आणि ती नवी रक्ताची तपासणी? तिची सासू म्हणते, महागाची आहे, म्हणजे पक्की असेल.

डॉक्टर : एनआयपीटी. आईच्या रक्तात फिरणारे डीएनएचे तुकडे मोजतात. डेनिस लो यांनी १९९७ साली ते तुकडे असतात हे दाखवलं, २०११ पासून तपासणी बाजारात आली. डाऊनच्या शंभरातल्या नव्याण्णव केसेस पकडते. पण तो डीएनए मुख्यतः वारेतून आलेला असतो, बाळातून नाही. वार आणि बाळ यांची गुणसूत्रं क्वचित वेगळीही निघतात. म्हणून ती पॉझिटिव्ह आली तरी गर्भजल तपासल्याशिवाय पुढचं काही ठरवायचं नाही. पाच आकडी पैसे भरले म्हणजे निदान झालं, असं नाही.

आत्या : मग आता तिने काय करायचं?

डॉक्टर : आधी माझ्याकडे पाठव. मानेमागचं माप, एनटी म्हणतो आम्ही, मी पुन्हा घेईन. तुम्हाला वाटतं, पडद्यावर बघितलं की आकडा आला. बाळ तेव्हा डोक्यापासून बुडापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर असतं. ते बरोबर एका बाजूने, मधोमध कापल्यासारखं दिसलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली नको, मान मागे टाकलेली नको. मानेमागे कातडीखाली पाण्याची काळी पट्टी असते, तिच्या दोन्ही कडांवर खुणा टेकवायच्या आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजायची. कधी बाळ पिशवीच्या पडद्यालाच पाठ लावून पडलेलं असतं. घाईत तो पडदाच कातडी समजून मोजला जातो. म्हणून बाळ हलेपर्यंत थांबायचं. आईला खोकायला सांगायचं, व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावायचं, नाहीच वळलं तर दुपारी परत बोलवायचं. हे सगळं गर्दीच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये, बाहेर तीस नंबर लागलेले असताना. १.८ च्या जागी कुणी २.४ टिपलं, तर संगणक विचारत नाही, की माप नीट घेतलंत ना. तो आपला भागाकार करून मोकळा होतो.

आत्या : म्हणजे त्या पोरीची झोप कुणाच्या तरी घाईवर गेली असेल.

डॉक्टर : असेल किंवा नसेल. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या किप्रोस निकोलायडिस यांनी १९९२ साली हे माप पुढे आणलं. पुढे त्यांच्याच फीटल मेडिसिन फाउंडेशनने मोजणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यायची आणि दरवर्षी त्यांची मापं तपासायची पद्धत पाडली, ती उगाच नाही. आणि एक गोष्ट सांगतो, तुला आवडेल. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ सालीच लिहून ठेवलं होतं, की या मुलांची कातडी अंगापेक्षा मोठी वाटते. त्याच ढिल्या कातडीखाली साचलेलं पाणी सव्वाशे वर्षांनी सोनोग्राफीत दिसलं. कातडीतलं एका जातीचं कोलॅजेन बनवणारी जनुकं एकविसाव्या गुणसूत्रावरच आहेत.

आत्या : जुन्या गोष्टी मलाही येतात. १९५९ साली पॅरिसच्या जेरोम लेज्यून यांनी जगाला सांगितलं, की या मुलांमध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. त्यांना यावर उपचार शोधायचा होता. पण शोधाचा उपयोग गर्भ पाडायला होऊ लागला, तेव्हा उरलेली हयात त्यांनी त्याविरुद्ध बोलण्यात घालवली.

(या शोधाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या मार्थ गोतिए या डॉक्टर बाईंनी. निबंधावर त्यांचं नाव दुसऱ्या जागी, तेही चुकीचं छापलं गेलं आणि पुढची कित्येक दशकं शोध एकट्या लेज्यून यांचाच मानला गेला. बाईच्या पोटाविषयीच्या शास्त्रात बाईचं नाव असं गळावं, हे मला तरी विसरता येत नाही.)

डॉक्टर : लेज्यून कट्टर कॅथलिक होते. त्यांना कुठलाच गर्भपात मान्य नव्हता. तुला आहे.

आत्या : आहे. मी कुणाला ठेव म्हणत नाही, पाड म्हणत नाही. पण तुम्ही म्हणता, आम्ही बाईला निवड देतो. आयांना विचारून बघ, ही तपासणी का केलीत? ‘डॉक्टरांनी लिहून दिली.’ हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, त्याच चिठ्ठीवर डबल मार्कर. साखर वाढली तर औषध आहे. याचा आकडा वाढला तर काय आहे, हे चिठ्ठी देताना कुणी बोललेलं नसतं. ज्या बाईला काही झालं तरी बाळ ठेवायचंच आहे, तिला कुणी विचारतं का, बाई, तुला हे कळून हवंय का?

डॉक्टर : विचारायला वेळ कुठे मिळतो? माझा निम्मा जीव लिंगनिदानबंदी कायद्याच्या फॉर्म एफमध्ये जातो. पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, सोनोग्राफीचं कारण, सह्या. त्यातली चूक ही नुसती कारकुनी चूक धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट सांगितलंय. एक रकाना राहिला, तर मशीनला सील लागू शकतं.

आत्या : त्या फॉर्मवर ती बाई सही कशाखाली करते?

डॉक्टर : मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, याखाली.

आत्या : एक गोष्ट तिला कळू नये, म्हणून सही. आणि दुसरी तुम्ही तिला कळवणार, ती तिला हवी की नको, याची?

डॉक्टर : गर्भजल काढायचं असेल, तर असते. फॉर्म जी. तिला समजणाऱ्या भाषेत सगळं समजावून, लेखी.

आत्या : ते सुईच्या वेळी. तोवर लाल कागद घरभर फिरलेला असतो, सासरे नेटवर वाचत बसलेले असतात, माहेरून फोन आलेले असतात. तिला विचारायची वेळ त्या पहिल्या चिठ्ठीच्या आधी होती.

डॉक्टरांकडे याला उत्तर नाही, आणि मला वाटतं, कुणाकडेच नाही. आपल्याकडे या तपासण्यांचा इतिहासच तसा आहे. सत्तरच्या दशकात गर्भजल तपासणी भारतात आली ती बाळातले दोष शोधायला, आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर मुली शोधून पाडण्याचा धंदा उभा राहिला. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध रान उठवलं, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ पासून तो आणखी कडक झाला. या कायद्यांनी लिंग सांगायला बंदी घातली आणि गुणसूत्रांचे दोष शोधायची मुभा ठेवली. ही मुभा हवीच होती. पण त्या गडबडीत सोनोग्राफीची खोली ही एक गोष्ट न बोलण्याची जागा बनली, आणि बाकीच्या गोष्टी कशा बोलायच्या, हे कुणी ठरवलंच नाही. दारावरची पाटी काय सांगितलं जाणार नाही, एवढंच सांगते.

आत्या : आणि मुलगी म्हणून गर्भ पाडला की आपण मोर्चे काढले. अपंग म्हणून पाडला की ‘समजूतदार निर्णय’. अनिता घई यांच्यासारख्या, स्वतः अपंगत्वासह जगलेल्या अभ्यासक बायका हेच विचारत आल्या, की तुमची रेघ नेमकी कुठे आहे?

डॉक्टर : रेघ आहे. मुलीला जो त्रास होतो तो सगळा आपण दिलेला असतो. एकविसावं गुणसूत्र जादा असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. थायरॉइड, कान, डोळे. चाळिशीनंतर अल्झायमर, कारण त्याच्याशी संबंधित एक जनुकही त्याच गुणसूत्रावर आहे. समाज उद्या देवमाणसांचा झाला, तरी हे राहणारच. आणि तू फक्त डाऊनचं धरून बसलीस. अठरावं किंवा तेरावं गुणसूत्र तीन असलेली बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत. त्या आईला बाराव्या आठवड्यात कळणं आणि बाळंतपणानंतर कळणं, यात फरक नाही?

आत्या : आहे. तिथे मी तुझ्याशी वाद घालत नाही. पण हृदयाचं म्हणशील, तर त्या ऑपरेशनांनीच दिवस बदलले. १९८० च्या सुमाराला अमेरिकेतसुद्धा ही माणसं सरासरी पंचवीस वर्षं जगायची, आता तिकडे साठीच्या घरात गेलीत. माझ्याकडे एक मुलगा होता, बोलणं अगदी अस्पष्ट. पण शाळेचं कपाट त्याच्याच ताब्यात. कुठल्या मुलाची वही कुठे, कुणाचा डबा कोणता, कधी चुकला नाही. दुसरी एक, तिला शेवटपर्यंत स्वतःचं नाव लिहिता आलं नाही, खूप मारायची, आईने रडून रडून दिवस काढले. दोघांचं गुणसूत्र एकच. तुझ्या आकड्यात यांतलं कोण आहे?

डॉक्टर : कोणीच नाही. सोनोग्राफी ते सांगत नाही, गर्भजलही सांगत नाही. किती शिकेल, किती बोलेल, काहीच नाही.

आत्या : मग तेवढं तरी सांगत जा ना!

डॉक्टर : सांगतो. आणि त्यावर लोक मला विचारतात, ‘तुम्ही असता तर काय केलं असतं?’ तू तरी सांगशील? तू शाळेतून संध्याकाळी घरी यायचीस, आत्या. ती आई कुठे जायची?

आत्या : (थांबून) कुठेच नाही. बरोबर आहे. आणि शाळेत पालकसभा झाली, की शेवटी सगळे एकच विचारतात. आमच्यामागे कोण? सत्तरीच्या आईच्या शेजारी चाळिशीचा मुलगा बसलेला असतो. निरामय विमा आहे, लाखाचा. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने पालक नेमता येतो. २०१६ चा दिव्यांगांचा कायदा आहे. हे सगळे कागद मीच भरून देते. पण ‘कोण’ याचं उत्तर त्या कागदांत नाही.

डॉक्टर : बघ. म्हणजे व्यवस्था नाही, म्हणून बायका नाही म्हणतात.

आत्या : मीही हेच म्हणायचे. आधी सोयी करा, मग तपासण्या काढा.

डॉक्टर : पण तेही पुरं खरं नाही. डेन्मार्कने २००४ पासून प्रत्येक गरोदर बाईला ही तपासणी देऊ केली. तिथे शाळा आहेत, पैसा आहे, आईबाप गेल्यावर राहायला घर आहे. तरी निदान झालेल्यांपैकी बहुतेक जणी गर्भपातच करतात. सोयी असूनही. मग तू काय म्हणशील, त्या सगळ्याजणी कुणाच्या तरी दडपणाखाली आहेत?

आत्या : नाही म्हणणार. जगातल्या सगळ्या बायका फसल्यात असं म्हणणं म्हणजे त्यांना अक्कल नाही म्हणण्यासारखं आहे. पण ब्रिटनमध्ये हायडी क्रोटर ही डाऊन असलेली मुलगी कोर्टात गेली. अशा गर्भाचा गर्भपात अगदी दिवस भरेपर्यंत करता येतो, इतरांना चोवीस आठवड्यांची मर्यादा आहे, हा फरक मला कमी लेखतो, असं तिचं म्हणणं. २०२२ साली अपीलही फेटाळलं गेलं. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्याबद्दल आपण इतका वेळ बोलतोय, त्यांतली एक उभी राहून बोलली, हे ऐकताना मला माझ्या शाळेतली पोरं आठवली. त्यांना कळतं रे. त्यांच्यासमोर आयाबाया ‘तपासलं असतं तर’ म्हणतात ना, तेही कळतं.

डॉक्टरांनी इथे विषय बदलला. अशा वेळी डॉक्टर माणसं सोयीच्या आकड्यांकडे वळतात, हेही पाहिलेलं आहे.

डॉक्टर : एनटी स्कॅन नुसता डाऊनसाठी नसतो, हे तिच्या सासूला सांग. दिवस नेमके किती गेलेत ते त्यात पक्कं होतं. जुळी असतील तर वार एक की दोन, हे त्याच वेळी सर्वांत चांगलं दिसतं, आणि एका वारेवरच्या जुळ्यांचं वेळापत्रकच वेगळं. डोक्याची कवटीच न बनलेलं बाळ तिथेच कळतं. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा प्रवाह, रक्तदाब आणि रक्ताचे आकडे मिळून पुढे बीपी चढेल का, याचा अंदाज येतो. तशा बाईला सोळाव्या आठवड्याच्या आत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केलं, तर दिवस भरण्याआधीचं ते दुखणं निम्म्याहून जास्त टळतं, हे २०१७ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झालंय. बारा आठवड्यांच्या या सोनोग्राफीने आपल्याकडे आयांचे जीव वाचतील. तू तिला तपासणीच नको म्हणून सांगू नकोस.

आत्या : मी कुठे म्हणतेय नको? आणि त्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचं काय? मागे एकीला ‘हृदयात पांढरा ठिपका’ म्हणून पुण्याला धाडलं होतं. घरच्यांना वाटलं, भोक आहे.

डॉक्टर : हृदयाच्या स्नायूत एखादा बिंदू चमकतो, त्याला आम्ही सॉफ्ट मार्कर म्हणतो. आशियाई बाळांत तो जरा जास्तच दिसतो. आधीच्या तपासण्या ठीक असतील आणि तो एकटाच असेल, तर त्याचा काही अर्थ नसतो. हृदय चांगलं असतं.

आत्या : मग रिपोर्टात लिहिता कशाला?

डॉक्टर : नाही लिहिलं आणि उद्या काही निघालं, तर?

आत्या : म्हणजे तुमची काळजी मिटावी, म्हणून तिची सुरू.

डॉक्टर : अर्धं खरं आहे. बरं, आता त्या मुलीचं. घाई नाही, पण वेळही फार नाही. एनआयपीटी केली तर रिपोर्टला आठ-दहा दिवस. गर्भजल सोळाव्या आठवड्यात, जलद तपासणीचं उत्तर काही दिवसांत, पूर्ण गुणसूत्रांचं दोन-तीन आठवड्यांत. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोष असेल, तर चोवीसनंतरही मेडिकल बोर्ड परवानगी देऊ शकतं. आणि काहीच न करता थांबणं, हाही एक पर्याय आहे. २०९ विरुद्ध १.

आत्या : हे शेवटचं तू तिला म्हणशील? तोंडाने?

डॉक्टर : म्हणेन. आणि तू तिला आत्ता शाळा दाखवायला नेऊ नकोस.

आत्या : का? तुझी पाचशे जणींची भीती चालते, माझी पोरं चालत नाहीत?

डॉक्टर : कारण ती आत्ता घाबरलेली आहे. तुझा तो कपाटवाला दाखवलास तर एक दडपण, ती मारणारी दाखवलीस तर दुसरं. निदान झालं, तर मी स्वतः तिला तुझ्याकडे पाठवीन.

आत्या : निदान झाल्यावर घरात कुणी शाळा बघत नाही रे. तेव्हा फक्त तारीख बघतात.

डॉक्टर : तिला विचार. ती म्हणाली, तर ने.

आत्या : विचारते. आणि तुझ्याकडे कधी पाठवू?

डॉक्टर : शनिवारी दुपारी दोननंतर, तेव्हा गर्दी नसते. नवऱ्याला बरोबर आणू दे. सासूबाईंना बाहेर बसवू.

आत्या : त्या बाहेर बसतील, असं तुला वाटतं?

डॉक्टर : बसतील. फॉर्म एफचं कारण सांगतो. त्या कागदाला सगळे भितात.